रुसव्यातली मोटार

लग्नाच्या पंगतीत जावयाने रुसायचं असतं, हे मला माझ्या आत्याने आदल्या दिवशी शिकवलं. मी ठाण्याच्या एका शाळेत गणित शिकवत होतो, नौपाड्यात दोन खोल्यांत राहत होतो आणि रुसण्याचा मला काही सराव नव्हता.

"तोंड फुगवून बसायचं," आत्या म्हणाली. "पहिला घास घ्यायचा नाही. सासरा विचारेल, काय हवं? तू म्हणायचं, मोटार."

"मोटार? अगं आत्या, लोक घड्याळ मागतात."

"म्हणूनच. आपण मोटार मागायची. तो काही देत नाही. मग आपण घड्याळावर उतरलो की त्याला वाटेल, सुटलो बाबा."

लग्न कल्याणला, मुलीच्या घरी होतं. सासऱ्यांची जुन्या गावात गवताची वखार होती. उंच, सडपातळ माणूस, मिशा पांढऱ्या आणि डोळ्यांत सतत काहीतरी शिजत असल्यासारखं. पंगत बसली, मी तोंड फुगवलं. त्यांनी वाकून विचारलं, "काय हवं जावईबापूंना?" मी खाली बघत म्हणालो, "मोटार." पंगतीत हशा पिकला. सासरे मात्र हसले नाहीत. "दिली," ते म्हणाले. "जेवा आता. वरण निवतंय."

आत्याला पुढचं काही बोलायला जागाच उरली नाही. घड्याळही गेलं.

दिवाळसणाला आम्ही दोघं कल्याणला गेलो. अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला, आणि सासरे मला घराच्या मागे, वखारीला लागून असलेल्या छपराखाली घेऊन गेले. तिथे गवताच्या पेंढ्यांच्या आड गोणपाटाखाली काहीतरी मोठं झाकलेलं होतं. त्यांनी एका हाताने गोणपाट ओढलं. धुरळा उडाला, एक कोंबडी ओरडत बाहेर पळाली, आणि आतून एक काळी विलायती मोटार प्रकट झाली. चारही बाजूंनी विटांवर उभी, दिव्यांच्या काचा पिवळ्या पडलेल्या. मागच्या सीटवर दोन अंडी होती.

"शब्द दिला होता," सासरे म्हणाले. "ही घ्या."

मोटार त्यांनी लढाईच्या आधी, वखार जोरात असताना घेतली होती. लढाईत पेट्रोलवर नियंत्रण आलं तेव्हा ती विटांवर चढवली, ती तशीच राहिली. इतक्या वर्षांत खाडीच्या खाऱ्या हवेने आपलं काम केलं होतं. जे फिरायचं ते फिरत नव्हतं, जे सरकायचं ते सरकत नव्हतं. सगळी जाम.

"सुरू झाली की घेऊन जा ठाण्याला," सासरे म्हणाले. "मी अडवणार नाही."

माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला होता. ती हसत होती हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

आता इथे शहाणा माणूस हसून सोडून देतो. पण मी गणिताचा मास्तर. अवघड उदाहरण सोडून पुढे जायची मला चीड. मी ग्रंथालयातून मोटार दुरुस्तीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि सासऱ्यांना कळवलं, की दर रविवारी येतो.

पहिले रविवार चाकांत गेले. चाकं काढल्याशिवाय ब्रेक मोकळे होणार नव्हते, आणि चाकांचे नट गंजून बसले होते. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मी त्यांच्यावर घासलेट आणि तेल सोडलं, हलक्या हाताने हातोडीने ठोकलं, स्टोव्हच्या जाळावर सळई लाल करून टेकवली. उजव्या बाजूचे नट कुरकुरत का होईना, सुटले. डाव्या बाजूचे काही केल्या सुटेनात. मी पान्याला पाइप लावला, पाइपवर उभा राहिलो, एकदा पाइपावरून पडलोही. सासरे तोवर मोटारीत, चालकाच्या जागेवर बसून वर्तमानपत्र वाचायचे. ती त्यांची रविवारची बैठक झाली होती. ठाकुर्लीचे त्यांचे एक मित्र, आगगाडीवरचे निवृत्त ड्रायव्हर, शेजारच्या सीटवर येऊन बसायचे. माझी झटापट चालू असली की ते मान बाहेर काढून म्हणायचे, "आगगाडीला असं होत नाही." यापलीकडे त्यांनी मला कधीही कसला सल्ला दिला नाही.

डाव्या नटांशी माझे दोन रविवार गेल्यावर सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी केली.

"जावईबापू, त्या बाजूचे आटे उलटे आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे इकडे सोडायला जसं फिरवता, तसं तिकडे फिरवलं की घट्ट होतं. तुम्ही दोन आठवडे घट्ट करताय."

मी हातातला पाना खाली ठेवला. "तुम्हाला माहीत होतं?"

"गाडी माझीच ना."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही गणिताचे. म्हटलं, उलटसुलट दोन्हीकडून करून पडताळा घ्याल."

ठाकुर्लीचे गृहस्थ इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी उलटा जोर लावला. दोन आठवडे मीच आवळलेला नट कर्रकन ओरडला आणि सुटला, आणि मी पाठीमागे गवताच्या ढिगात जाऊन बसलो. तरी सांगतो, त्या एका आवाजाने सगळा राग गेला. जाम झालेली वस्तू सुटते तेव्हाचा तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "सुटला?" तिने विचारलं, आणि मी गवतातून हात वर केला.

ब्रेकची डबडी मग ठोकून ठोकून निघाली. गंज खरवडला, चाकं चढवली, टायरांत हवा भरली, आणि मोटार विटांवरून खाली, जमिनीवर आली. बघायला अख्खी आळी जमली होती. सासूबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

सासूबाईंबद्दल सांगायचं तर, तोवर त्यांच्या तोंडून मी सलग तीन वाक्यं ऐकली नव्हती. नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, सारखं काहीतरी आतून बाहेर आणि बाहेरून आत. "वाढू?" आणि "घ्या ना," एवढाच आमचा संवाद. मात्र वाढायच्या त्या भरभरून. त्या हिवाळ्यात माझ्या दोन शर्टांची बटणं लागेनाशी झाली.

राहिलं इंजिन. पुस्तकात म्हटलं होतं, पिस्टन गंजून चिकटले असतील तर प्लग काढून त्या भोकांतून घासलेट आणि तेल ओता आणि वाट बघा. घाई करू नका. मी गिअरचा दांडा मध्ये, मोकळ्यावर आणला, हँडब्रेक ओढला, प्लग काढले, घासलेटात एरंडेल मिसळून चारही भोकांत ओतलं आणि आठवडाभर वाट बघितली. पुढच्या रविवारी समोरून इंजिन फिरवायचं हँडल घातलं आणि जोर केला. हललं नाही. पुन्हा ओतलं. पुन्हा आठवडा. पुन्हा हँडल. मी हँडलला लोंबकळलो. बायको आणि मी मिळून लोंबकळलो. सासरे आतून वर्तमानपत्राआडून म्हणाले, "जोर कमी पडतोय." ठाकुर्लीचे गृहस्थ आगगाडीविषयीचं आपलं वाक्य म्हणाले.

थंडी गेली. पळसाला फुलं आली. शाळेत मुलं मला विचारू लागली, "सर, फिरलं का?" मला स्वप्नात पिस्टन दिसायचे. बायकोला मी म्हणालो, "सोडून देऊ या." ती लगेच म्हणाली, "छे, आता इतकं केलंय तर!" रविवारी तिला आयतं जेवण मिळत होतं, आईच्या मांडीवर डोकं ठेवून दुपारची झोप मिळत होती. ती कशाला सोडू देते!

एका रविवारी आम्ही लवकरच्या गाडीने पोचलो. सासरे अंघोळीला गेले होते. मी छपराखाली गेलो आणि दमायच्या आधीच दमून, आयुष्यात पहिल्यांदा, सासऱ्यांच्या जागेवर जाऊन बसलो. डावा हात सहज गिअरच्या दांड्यावर गेला. दांडा मध्ये नव्हता. मी हलवून पाहिला. गिअर पडलेला होता.

मी ताठ बसलो. मोकळ्यावर मी तो स्वतःच्या हाताने आणला होता. गाडी जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, वर गिअर अडकवलेला. अशा स्थितीत इंजिन मोकळं असलं तरी हँडल फिरणार कसं? चाकं धरून ठेवल्यावर इंजिनलाही धरून ठेवल्यासारखंच. मी दांडा मध्ये आणला, खाली उतरलो, पुढे जाऊन हँडलला दर रविवारच्या सवयीने सगळा जीव लावला. हँडल लोण्यातून फिरावं तसं फिरलं आणि माझी हनुवटी गाडीच्या नाकावर आपटली.

इंजिन मोकळं होतं. कधीपासून, देव जाणे.

पहिला विचार ओरडायचा आला. दुसरा विचार जास्त बरा होता. हे कुणी केलं? सासऱ्यांवर माझा संशय होताच, उलट्या आट्यांपासून. पण पुरावा हवा. स्वयंपाकघराबाहेर पितळी पातेल्याच्या बुडाची काजळी खरवडून आणली, तेलात कालवली आणि गिअरच्या मुठीच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही अशी, फासून ठेवली. दांडा मोकळ्यावरच ठेवला. मग घरात येऊन मोठ्याने जाहीर केलं, "आज जेवण झालं की हँडल मारणार. आज होणार किंवा नाही होणार!"

पान मांडायच्या आधी मी हळूच जाऊन बघून आलो. दांडा पुन्हा गिअरमध्ये पडला होता.

जेवायला बसलो तेव्हा माझं लक्ष पानात नव्हतं. दांडा डाव्या हाताने हलतो, त्यामुळे मला सगळ्यांचे डावे हात बघायचे होते. सासरे डावा हात मांडीखाली घालून बसले होते.

"दादा, जरा तो तांब्या सरकवता?" मी म्हणालो.

त्यांनी डाव्या हाताने तांब्या सरकवला. पंजा स्वच्छ. मी निराश झालो. बायको पंगतीवर पंख्याने वारा घालत होती, तिचाही हात स्वच्छ. तेवढ्यात सासूबाई तूप घेऊन आल्या. तुपाची वाटी डाव्या हातात, आणि पितळेच्या वाटीवर बोटांचे काळेभोर ठसे. त्यांनी वाटी ठेवून डाव्या हाताने पदर पुढे ओढला, तशी कपाळावर कुंकवाच्या वर एक काळी रेघ उमटली.

मला असा ठसका लागला की सासरे पाठीवर थापा मारायला लागले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग वाटीकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. त्या शांतपणे वाकल्या आणि माझ्या भातावर तूप वाढू लागल्या. मी "पुरे" म्हणालो. त्या वाढत राहिल्या. भात बुडाला, तुपाचा ओघळ मिठापर्यंत गेला, तेव्हा कुठे त्या थांबल्या.

"अगं, जावयाला तूप वाढतेस की बुडवतेस?" सासरे म्हणाले.

"आवडतं त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "कुणाला काही सांगत नाहीत, गुणी आहेत."

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी छपराखाली गेलो. त्या तिथे आधीच उभ्या होत्या, पदराने दांड्याची मूठ पुसत.

"आई, हे काय?" मी म्हणालो.

"हळू बोला." त्यांनी घराकडे नजर टाकली. "मध्ये एका बुधवारी अंडी काढायला आले होते. सहज हँडल फिरवलं. फिरलं."

"सहज?"

"मग गिअर टाकून ठेवला. दर रविवारी तुम्ही याल त्याआधी बघून जाते."

"पण का?"

त्या पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून बोलल्या. "तुम्ही यायच्या आधी रविवार उजाडला की हे बाहेर. पत्त्यांचा अड्डा. दुपारी येताना बरोबर पाच-सहा माणसं, न सांगता, जेवायला. इतकी वर्षं माझा एक रविवार चुलीपासून सुटला नाही. आता हे गाडीत बसून वाचतात. मुलगी येते. चार माणसांचा स्वयंपाक, तो काय, बोलता बोलता होतो. गाडी सुरू झाली की तुम्ही ती नेणार ठाण्याला आणि हे जाणार अड्ड्यावर."

मग एक गोष्ट डोक्यात आली. "आई, पण गिअर टाकला की हँडल फिरत नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

त्या हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढचा एक दात किंचित वाकडा होता आणि त्या एकदम माझ्या बायकोसारख्या दिसल्या. "ही गाडी कुणी चालवली असं तुम्हाला वाटतं?"

सासऱ्यांनी मला अनेकदा सांगितलं होतं, की नाशिकचा घाट त्यांनी कसा एका हाताने चढवला. खरी हकीगत अशी निघाली, की गाडी आली त्याच आठवड्यात त्यांनी ती तळ्याच्या कठड्यावर घातली. मग घाबरले. शिकवायला एक माणूस यायचा, तेव्हा मागच्या सीटवर सासूबाई सोबत म्हणून बसायच्या. सासऱ्यांना काही ते जमलं नाही. मागे बसून बघणाऱ्या बाईला जमलं. गाव संपेपर्यंत सासरे चाक धरायचे, बैलगाडीच्या वेगाने. शीळच्या रस्त्याला, शेतं लागली की जागा बदलायची.

"घाट?" मी विचारलं.

"घाटात हे डोळे मिटून बसले होते," सासूबाई म्हणाल्या.

त्याच दुपारी आमचा करार झाला. गाडी सुरू करायची, पण ती ठाण्याला न्यायची नाही. नौपाड्यात ती ठेवायला मला जागा तरी कुठे होती? ती कल्याणातच राहील आणि रविवारी आम्ही येत राहू. आणि चाकावर कोण बसेल, हे आम्ही दोघांनी ठरवलं. तिसऱ्या कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी मी हँडल मारलं, ते फिरलं, आणि मी आश्चर्याचा जो अभिनय केला तो शाळेच्या गॅदरिंगमध्ये बक्षीस मिळवून गेला असता. सासरे वर्तमानपत्र टाकून खाली उतरले. ठाकुर्लीच्या गृहस्थांनी तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. त्यानंतर ठाण्याहून बॅटरी भरून आणली, टाकीतला गाळ काढला, नळ्या फुंकून साफ केल्या. मुहूर्त पाडव्याचा धरला.

पाडव्याला सकाळी गुढी उभारून झाली, आणि आळी पुन्हा जमली. मोटारीला झेंडूचा हार, चाकाखाली नारळ फोडलेला. मी हँडल मारलं. दोनदा नुसतीच खोकली. तिसऱ्यांदा एक मोठा बार झाला, छपरावरचे सगळे कावळे उडाले, निळा धूर निघाला, आणि थरथरत, घासलेट आणि एरंडेलाचा वास सोडत इंजिन चालू झालं. एरंडेलाच्या धुरात उभी असलेली ती आळी मला आजही दिसते. लोक नाकाला पदर आणि उपरणी लावून टाळ्या वाजवत होते.

"दादा, बसा," मी म्हणालो.

सासरे एक पाऊल मागे गेले. "छे छे. मान तुमचा. तुमची गाडी."

"मला कुठे येते? तुम्ही घाट चढवलाय."

"आज जरा कंबर..."

ते कंबरेवर हात ठेवत होते तेवढ्यात सासूबाई पाडव्याचं नवं लुगडं नेसून पुढे आल्या. पदर खोचला, दार उघडलं आणि चाकामागे बसल्या. आळीतल्या टाळ्या थांबल्या. नुसतं इंजिन धडधडत होतं.

"अगं, काय करतेस?" सासरे म्हणाले. "लोक आहेत."

"लोकांना बाजूला व्हायला सांगा," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी हँडब्रेक सोडला. गिअर जरासा किरकिरला. गाडीने एक हिसका दिला आणि छपराबाहेर, गुढीच्या शेजारून, लोकांच्या मधून सरळ निघाली. सासरे काही पावलं बाजूने धावले. "ब्रेक! ब्रेक बघितला का कुणी?" ते ओरडत होते. ब्रेक मी बघितला होता, तीनदा. वळणावर गाडी थांबली, भोंगा वाजला. माझी बायको धावत जाऊन पुढे बसली. मग मी आणि सासरे मागे चढलो, तिथे थोडं गवत अजून होतंच.

शीळच्या रस्त्याला लागेपर्यंत सासरे पुढची सीट घट्ट धरून होते. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "तुम्हाला सगळं कळलंय तर."

"काय?"

"कठड्याचं."

"कुठला कठडा?" मी म्हणालो.

त्यांनी माझा हात दाबला. पुढे सासूबाई एका बैलगाडीला मागे टाकत होत्या. गाडीवानाने आधी मोटार पाहिली, मग चालक पाहिला आणि त्याचा कासरा हातातून सुटला.

आळीत चार दिवस बोलणं झालं. "बाईमाणसाने चाक धरायचं म्हणजे!" असं काहींनी सासऱ्यांना ऐकवलं. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुमची धरते का?" आणि तिसऱ्या दिवसापासून सांगू लागले, की हिला मीच शिकवलं.

त्या उन्हाळ्यात सासूबाईंनी माझ्या बायकोला शिकवायला घेतलं. मलाही घेतलं होतं, पण दोन खेपांनंतर त्या म्हणाल्या, "तुम्ही दुरुस्तीचंच बघा." एका रविवारी सकाळी मायलेकी सराव करायला म्हणून निघाल्या त्या दुपार झाली तरी परतल्या नाहीत. आम्ही दोघं पुरुष ओट्यावर बसून रस्ता बघत राहिलो. पोटात कावळे ओरडायला लागल्यावर सासरे स्वयंपाकघरात गेले. चुलीत फुंकून फुंकून त्यांच्या मिशा राखेने भरल्या. मी पिठलं ढवळत होतो, त्यात आवळ्याएवढ्या गुठळ्या झाल्या होत्या. इतक्यात दारात भोंगा वाजला.

"कुठे होतात?" सासऱ्यांनी चुलीपुढूनच विचारलं.

"डोंबिवलीला," बायको आत येत म्हणाली. तिच्या केसांत मोगऱ्याचा गजरा होता आणि नाकावर धूळ. "आईची एक मैत्रीण राहते तिथे. त्यांनी जेवूनच सोडलं."

सासूबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं, पळीने एक गुठळी उचलली, परत सोडली.

"मीठ घातलंत?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"दोघांनीही घातलंय," मी म्हणालो.